पाचवी प्रार्थना

मरोळच्या आमच्या गावठाणातली विहीर फक्त लग्नाला उघडायची. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी पुढे बँडवाले, मागे लाल लुगड्यांतल्या बायका, त्यांच्या डोक्यावर तांब्याच्या कळशा, आणि मिरवणुकीच्या शेवटी हातात किल्ली घेतलेले माझे पप्पा. आम्ही ईस्ट इंडियन ख्रिस्ती. पोर्तुगिजांनी आमच्या पूर्वजांच्या डोक्यावर पाणी ओतलं, पण नवरीला न्हाऊ घालायचं पाणी आम्ही अजून गावच्या विहिरीतूनच आणतो, त्याला उंबराचं पाणी म्हणतो. पप्पा लोखंडी जाळीचं कुलूप काढायचे, बायका गाणी म्हणत कळशा भरायच्या, कोणीतरी विड्याचं पान आणि नाणं पाण्यात सोडायचं, आणि बँड वळला की कुलूप परत लागायचं. पुढच्या लग्नापर्यंत बंद. आमच्या घरी नळ होता, शेजाऱ्यांकडे नळ होता, विहिरीची गरज कोणालाच नव्हती. भर उन्हाळ्यात जाळीतून वाकून बघितलं तरी खाली पाणी चमकायचं. गावठाणातल्या लोकांना त्याचा फार अभिमान. कोणी पाहुणा आला की त्याला घेऊन जायचे, बघ, आमची विहीर आटत नाही.

आमचं घर त्या विहिरीला लागून. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात लांब केला तर जाळी लागेल इतकं जवळ. विमानं छपरावरून एवढी खाली जायची की संध्याकाळची रोझारी, म्हणजे जपमाळ, मध्येच थांबवावी लागायची. मम्मी ‘नमो मारिये’ अर्धवट सोडून एक बोट वर धरायची, विमान जाऊ द्यायची आणि जिथे सोडलं तिथूनच पुढे सुरू. उन्हाळा लागला की बॉटल मसाल्याची तयारी. गच्चीवर मिरच्या, धणे, हळकुंडं पसरलेली, घरातला माणूस न माणूस शिंकतोय, आणि धुवून उलट्या ठेवलेल्या बियरच्या तपकिरी बाटल्या जिन्याच्या पायऱ्यांवर, कारण मसाला त्यांच्यात ठासून भरायचा. ईस्टरआधीच्या उपासकाळात पप्पा दारू आणि मटण दोन्ही सोडायचे आणि त्यामुळे आठवडाभर घरात कोणी त्यांच्या वाटेला जायचं नाही. रविवारी मात्र उपास नसतो. देवळातून, मिस्साहून आल्यावर मटणाची रस्सेदार खुडी आणि ताडीत आंबवलेल्या पिठाचे, तेलात टम्म फुगलेले फुगे. पहिला फुगा तोंडात गेला की पप्पा माणसात यायचे.

गावठाणाच्या मागे नाला आणि नाल्यापलीकडे वस्ती. मध्ये एक लाकडी फळी टाकलेली, तोच पूल. रंजना त्या फळीवरून यायची, रविवारी दुपारी, मम्मीला मिरच्यांचे देठ काढून द्यायला. ती मूळची मालवणकडची. सासरा गिरणीत होता. गिरणी बंद पडली, चाळीतली खोली गेली आणि सरकत सरकत हे कुटुंब नाल्याच्या काठाला येऊन थांबलं. रंजना माझ्याहून सातआठ वर्षांनी मोठी असेल. औद्योगिक वसाहतीत एका पॅकिंगच्या कारखान्यात जायची. मी तेव्हा कॉलेजात, नवीनच पत्रकं लिहायला शिकलेली. एक पान, ठळक अक्षरं, शेवटी उद्गारचिन्ह. गल्लीत दिसेल त्याच्या हातात कोंबायचे. रंजनाने माझं एक पत्रक वाचलं आणि म्हणाली, “छान लिवलंस गो. पण ह्या वाचून माझो हंडो भरतलो काय?”

हंड्याचाच प्रश्न होता. वस्तीतला सार्वजनिक नळ त्या वर्षी कोरडा पडला आणि पाणी टँकरने यायला लागलं. टँकर यायचा नेमका सकाळच्या पाळीच्या वेळेला. पाण्यासाठी थांबलं तर कारखान्याचं गेट बंद, गेट गाठलं तर घरात पाणी नाही. सासूचे गुडघे गेलेले, ती जेमतेम एक कळशी आणायची, पिण्यापुरती. नवरा रिक्षावर, पहाटेच बाहेर. रंजनाला सुपरवायझरने सांगून ठेवलं होतं, आणखी एकदा उशीर झाला तर उद्यापासून येऊ नकोस. बाहेर दुसऱ्या बायका उभ्याच आहेत. आणि हे सगळं ती आमच्या ओट्यावर बसून, मिरचीचा देठ मोडत सांगत होती, आणि तिच्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर, जाळीखाली पाणी चमकत होतं. मला आजही हे लिहिताना संताप येतो. येऊ दे. काही संताप सांभाळून ठेवायचे असतात.

तिने पप्पांना सरळ विचारलं. लाजत वगैरे नाही.

“काका, सकाळी जरा जाळी उघडून देशात काय? वापरायचा पाणी फक्त.”

“तुला एकटीला दिलं असतं गं रंजना. पण उद्या अख्खी वस्ती येईल.”

“येतलीच! त्यांका काय आंघोळ नको?”

पप्पा हसले, पण कुलूप काढलं नाही. त्यांच्याकडे कारण होतं आणि ते कारण खोटं नव्हतं, हे मला सांगायला हवं, नाहीतर ही गोष्टही एक पत्रकच होईल. आमच्यासारख्या गावठाणांवर तेव्हा झोपडपट्टीचा शिक्का मारायचे उद्योग चालले होते. शिक्का बसला की बिल्डर आत. पप्पा गावठाणाच्या पंचांमध्ये, त्यांची उमेदीची सगळी वर्षं हेच सिद्ध करण्यात गेली की आम्ही मूळचे, आम्ही झोपडपट्टी नव्हे. “सर्व्हेला माणूस आला,” ते म्हणायचे, “आणि त्याने बघितलं की गावठाण आणि वस्ती एकाच विहिरीवर पाणी भरतायत, तर तो एका ओळीत आपल्याला संपवेल. मग बसा बोंबलत.” म्हणजे बघा, दोन गरिबांना एकमेकांना घाबरवून ठेवलं की तिसऱ्याला काही करावंच लागत नाही. हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं. ते म्हणाले, पत्रक लिही जा.

त्यानंतरचा रविवार उपासकाळातला होता. त्या दिवशीच्या शुभवर्तमानात विहीर असते. भर दुपारची वेळ, दमलेला येशू विहिरीच्या काठावर बसलेला, आणि पाणी भरायला आलेल्या एका परक्या, हलक्या समजल्या जाणाऱ्या बाईकडे तो पाणी मागतो. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. फादर जेरोम आमचे नवीन धर्मगुरू, तरुण, चांगले, पण शेरमाव, म्हणजे प्रवचन, द्यायला उभे राहिले की जमीन सोडायचे. त्या दिवशी ते आत्म्याच्या तहानेवर बोलले. आत्मा कसा कोरडा पडतो, आत्म्याचा रांजण कसा रिकामा. मी पहिल्या बाकावर बसून ऐकत होते आणि माझ्या डोक्यात एकच चाललेलं: फादर, रांजण खरंच रिकामा आहे, नाल्यापलीकडे आहे, पत्ता देऊ का?

पहिल्या बाकावर मी होते कारण त्या दिवशी प्रार्थना वाचायची पाळी माझी होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शेरमावानंतर एक जण पुढे जाऊन लोकांच्या वतीने मागणी मांडतो. पोपसाठी, राज्यकर्त्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, मेलेल्यांसाठी. प्रत्येक मागणीच्या शेवटी तो म्हणतो, म्हणून आपण प्रार्थना करू या, आणि सगळं देऊळ एका सुरात उत्तर देतं: हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक. हे उत्तर आमच्या तोंडात इतकं बसलेलं असतं की त्यासाठी डोकं लागत नाही. माणूस अर्धा झोपेत असेल, घरी मटण शिजलं असेल का ह्या विचारात असेल, ‘करू या’ कानावर पडलं की उत्तर आपोआप बाहेर.

छापलेल्या चार मी नीट वाचल्या. चारही वेळा उत्तर आलं. मग मी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, “आपल्या गावठाणातल्या विहिरीचं कुलूप ह्याच आठवड्यात उघडावं आणि नाल्यापलीकडच्या बायकांना रोज सकाळी पाणी मिळावं, म्हणून आपण प्रार्थना करू या.”

“हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक!”

अख्खं देऊळ. आणि त्यात सगळ्यात वर, कॉयरच्या मागच्या रांगेतून, माझ्या पप्पांचा खर्जातला आवाज.

एरवी नको तेव्हा येणारं विमान नेमकं आलं नाही. मला दिसत होतं, एकेका चेहऱ्यावर आत्ता आपण काय बोललो ते पोचत होतं. कोणी बायकोकडे बघतंय, कोणी बुटांकडे. बस्त्यावकाका, म्हणजे पप्पांचे जोडीदार पंच, त्यांचं तोंड उत्तर देऊन उघडं ते उघडंच राहिलं. थोड्या वेळाने एकमेकांना शांती द्यायची वेळ आली, हात मिळवायचा असतो, तर माझ्या आजूबाजूच्या अर्ध्या लोकांनी लांबूनच मान हलवली. बस्त्यावकाकांनी दोन्ही हात खिशात घातले.

मिस्सा संपल्यावर फादर जेरोमनी मला आतल्या खोलीत बोलावलं. ते अजून झगा काढत होते.

“पाचवी कुठून आली?”

“तुमच्या शेरमावातून, फादर.”

“माझ्या शेरमावात कुलूप नव्हतं.”

“तेच तर.”

त्यांनी झगा खुंटीला लावला. मग म्हणाले, “पुढच्या वेळी मला आधी सांग.” दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, “नको, नको सांगूस. सांगितलंस तर मी काढायला लावेन.” त्या दिवसापासून मला हा माणूस आवडायला लागला.

घरी खुडी तयार होती, फुगे गरम होते, आणि पप्पांनी ताटाला हात लावला नाही. “देवळात राजकारण आणलंस,” ते म्हणाले. मी म्हटलं, “विहीर मी नाही आणली पप्पा, ती आज शुभवर्तमानातच होती.” त्यावर ते माझ्याशी बोलायचे थांबले आणि मम्मीशी बोलायला लागले, जसं काही मी खोलीत नाहीच. तुझी पोरगी असं, तुझी पोरगी तसं. मम्मी फुगे तळत होती. तिने झारा खाली ठेवला नाही.

“पास्कू, तू पण म्हणालास की. सगळ्यात मोठ्याने म्हणालास.”

“ते आपलं तोंडातून आलं.”

“माझ्याशी लग्न करतो म्हणालास ते पण तोंडातूनच आलं होतं. मी धरून बसले ना?”

पप्पा तांब्यातून पाणी ओतून घ्यायला लागले.

“देवाला सांगितलंस, ऐक म्हणून,” मम्मी म्हणाली. “ऐकलं त्याने. आता तो उघडणार कसं? किल्ली त्याच्याकडे नाहीये.” आणि गरम फुगा त्यांच्या ताटात टाकला. माझी मम्मी आठवीपर्यंत शिकलेली, सभेत कधी उभी राहिली नाही. पुढे मी मोठ्या मोठ्या लोकांची श्रद्धा आणि न्याय ह्यावरची भाषणं ऐकली, चहा आणि बिस्किटांसकट. एकातही ह्याच्या पुढचं काही सापडलं नाही.

संध्याकाळी क्रुसापाशी गाव जमलं. आमच्या गावठाणाच्या मध्यावर एक जुना दगडी क्रूस आहे, भांडणं आणि लदीन, म्हणजे गाऊन म्हणायच्या प्रार्थना, दोन्ही तिथेच. बस्त्यावकाका तयारीत आले होते. त्यांचं म्हणणं सोपं होतं: ती प्रार्थना मोजायची नाही. “छापलेली नव्हती. पोरीने घुसवली. लोक सवयीने ऐक म्हणाले. सवयीने म्हटलेलं देव धरत नाही.” बऱ्याच माना हलल्या. मी तोंड उघडणार इतक्यात मोतीमावशी उठली. ती आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची, सगळ्यांशी भांडलेली. तिच्या मुलाचं, एल्विसचं, आदल्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालं होतं.

“बस्त्याव, माझ्या एल्विसची प्रार्थना छापलेली होती काय रे?”

“ती वेगळी गोष्ट, मोती.”

“कशी वेगळी? फादरने आयत्या वेळी घातली. तुम्ही सगळे म्हणालात, ऐक. पोरगा आज चालतोय. ती मोजायची की नाही?”

“ती मनापासून होती.”

“तुझ्या मनात मी शिरून बघितलं नव्हतं. मला वाटलं तू सवयीने म्हणालास. तरी मी धरली.” ती सगळ्यांकडे वळली. “ही मोजायची नाही तर ती पण मोजू नका. आणि तुमच्या सगळ्यांच्या मेलेल्यांसाठी म्हटलेल्या पण काढून टाका. मग देवळात जाऊन करायचं काय, पंख्याखाली बसायचं?”

मी पत्रकं लिहिणारी, मुद्दे मांडणारी. मला हा मुद्दा सात जन्मांत सुचला नसता. कारण त्यासाठी प्रार्थनेवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास लागतो. मी त्या दिवशी देवळाला कोंडीत पकडायला निघाले होते. मोतीमावशीने देवळाला देऊळ म्हणून वागायला लावलं. ह्यातला फरक मला तेव्हा कळला आणि माझं पुढचं सगळं काम त्या फरकावर उभं आहे. आज वाकोल्याला, कांदिवलीला पाण्याच्या सभा घेते तेव्हा एका बाजूचे विचारतात, धर्मांतर करायला आलीस का, आणि आमचे विचारतात, हे सगळं करण्यापेक्षा धान्य का नाही वाटत. दोघांना एकच उत्तर देते. मी रविवारी जे तोंडाने म्हणते ते सोमवारी करायला आले आहे. बाजूला व्हा.

बस्त्यावकाकांनी शेवटचं हत्यार काढलं: सर्व्हे. झोपडपट्टी. आणि सगळे पप्पांकडे बघायला लागले, कारण ती भीती घरोघर पोचवली होती ती पप्पांनीच. पप्पांनी क्रुसाच्या चौथऱ्यावर हात ठेवला.

“बस्त्याव,” ते म्हणाले, “मी लग्नाआधीपासून त्या कॉयरमध्ये गातो. आज पहिल्यांदा मी काय म्हटलं ते मला ऐकू आलं. सर्व्हेवाला येऊ दे. त्याच्याशी मी भांडेन, गावठाणाचे कागद आहेत आपल्याकडे. देवाशी भांडायला माझ्याकडे कुठला कागद आहे?”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बस्त्यावकाका “बघा मग, वाट लागेल” म्हणून निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी विहीर उपसायचा पंप त्यांनीच आणून दिला. का, ते आम्ही विचारलं नाही. आठवडाभर उपसा चालला. आमची पोरं आणि वस्तीतली पोरं आळीपाळीने खाली उतरत होती. गाळ, प्लास्टिक, एक सायकलचं चाक, आणि लग्नालग्नांची हिरवी पडलेली नाणी. नवीन पाणी चढलं. जंतू मारायची पावडर टाकली. हे पाणी पिऊ नका, धुण्याभांड्याला, आंघोळीला वापरा, असं मी ठळक अक्षरांत लिहून जाळीला बांधलं. वस्तीतल्या पोरांनी त्याखाली लिहिलं, आम्हाला कळतं. बरोबरच होतं त्यांचं.

सोमवारी सकाळी पप्पांनी जाळी उघडली. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, जणू गावात कोणाचं तरी लग्न आहे. फळीवरून पहिली रंजना आली. मी खिडकीत. तिने भराभर दोर सोडला, हंडा भरला, घरी ठेवून आली, परत भरला, परत गेली, आणि पदर खोचून धावत कारखान्याच्या दिशेने. तिच्या मागून बाकीच्या बायका. जाळीपाशी कलकल, भांडण, हसणं. मम्मी कांदा चिरता चिरता ऐकत होती. माझं लक्ष घड्याळाकडे. गेट उघडं मिळालं की नाही, हे आम्हाला संध्याकाळपर्यंत कळणार नव्हतं.

संध्याकाळी पप्पा ओट्यावर बसून होते. वर्तमानपत्र धरलेलं, पण पान उलटत नव्हतं. रंजना कामावरून सरळ तिथेच आली, डबा हातात, म्हणजे नोकरी शाबूत. पप्पांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि चेहरा आभार स्वीकारायला तयार केला.

“काका,” ती म्हणाली, “दोर झिजलो हा. माझ्या हाताची सालां निघाली, ह्या बघा. आणि उद्या जाळी जरा लवकर उघडा. आज धावत पोचलंय, गेटवालो दार लावीतच होतो.”

आणि गेली.

पप्पा आत आले. कान लाल. “थँक्यू तरी म्हणायचं ना माणसाने! एवढं गाव अंगावर घेतलं मी!” मम्मी हसत सुटली. मीही. पण मला त्या क्षणी इतका आनंद झाला की अजून तो पुरतोय. उपकार केले की लोक हात जोडतात, मान खाली घालतात, आणि उद्या मिळेल की नाही म्हणून घाबरून असतात. रंजनाने हात जोडले नव्हते, सोललेले तळवे पुढे केले होते. उद्या पाणी मिळणार हे तिने गृहीत धरलं होतं, म्हणूनच तक्रार केली. ज्या दिवशी तक्रार आली त्या दिवशी ती विहीर तिचीही झाली.

पप्पांना हे मी समजावून सांगितलं, मुद्देसूद. त्यांनी ऐकून घेतलं की नाही माहीत नाही. ते खिडकीशी गेले, रंजना तोपर्यंत फळीवर पोचली होती, आणि कॉयरमधला तो खर्जातला आवाज नाल्यावरून सोडला.

“रंजना! दोर कसला आणू? नायलॉनचा की काथ्याचा?”

“काथ्याचो!” ती तिथूनच ओरडली. “नायलॉन सरकता हातातसून! आणि जाड बघून घ्या, काका, बारीक नको!”

पप्पांनी चपला घातल्या आणि दुकान बंद व्हायच्या आत पोचायला हवं म्हणून घाईघाईने बाहेर पडले.